डेस्कटॉप काही बोटावर नाचेना!

फोनवर बोट फिरवलं की अख्खी दुनिया हलते. मग ऑफिसच्या कम्प्युटरवर का नाही? हाच प्रश्न एकेकाळी जगातल्या बड्या बड्या कंपन्यांना पडला होता. त्याचं उत्तर शोधताना त्यांनी काय काय गोंधळ घातले आणि त्यातून आपल्या टेबलावर काय उरलं, त्याची ही गोष्ट...

सोमवार, सकाळचे साडेदहा. एसी नेहमीसारखा अतिथंड, कॉफी मशीन नेहमीसारखं बंद. शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसलेली. डाव्या हातात सॅंडविच, उजव्या हाताची तर्जनी हवेत. आणि एकदम तिनं ती तर्जनी मॉनिटरवर टेकवली आणि शीट वर सरकवली.

म्हणजे सरकवायचा प्रयत्न केला. शीट ढिम्म! तिनं पुन्हा बोट फिरवलं. मॉनिटरवर चटणीचा एक सुबक हिरवा पट्टा उमटला, बाकी काही नाही.

'अगं, हा फोन नाहीये,' मी म्हटलं.

'माहितीये रे! सवय लागलीये. पण मी म्हणते, का नाहीये? एवढा मोठा कम्प्युटर आणि साधं बोटाला ओळखत नाही!'

हसू नका. तुम्हीही हे केलंय. एटीएमच्या साध्या स्क्रीनवर बोट दाबून दाबून थकलाय, छापलेल्या फोटोवर दोन बोटं ठेवून तो झूम करायला गेलाय. फोननं आपल्या बोटांना लावलेली ही चटक आहे. पण मैत्रिणीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण 'डेस्कटॉपला फोनसारखं करू या' ही कल्पना येऊन, गाजून, आपटून, पुन्हा उठून बसली आहे. आणि त्या सगळ्या आपटाआपटीत माल कुणाचा गेला असेल, तर तो तुमच्या-आमच्यासारख्या दिवसाचे आठ-नऊ तास कम्प्युटरसमोर काढणाऱ्यांचा. माल म्हणजे काय? हाताची सवय!

हे खूळ आलं कुठून?

टचस्क्रीन ही काही आयफोनची देणगी नाही बरं का. १९८३ साली एचपी कंपनीनं एचपी-१५० नावाचा टचस्क्रीनवाला कम्प्युटर बाजारात आणला होता. त्याची काच स्वतः स्पर्श ओळखत नव्हती. चौकटीला बारीक भोकं होती, त्यातून न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची जाळी स्क्रीनसमोर पसरलेली असायची. बोटानं किरण अडवला की कम्प्युटरला कळायचं, साहेबांनी इथे बोट ठेवलंय. आयडिया भन्नाट, पण चालली नाही. पुढे २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची खास टॅब्लेट आवृत्ती काढली. तिला बोट नव्हे, खास पेन लागायचं. तीही काही घरोघरी पोहोचली नाही. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तर एकापेक्षा जास्त बोटांचा स्पर्श ओळखायची सोयसुद्धा होती. आपल्यापैकी कितीजणांनी ती वापरली? तेच तर!

मग २००७ मध्ये आयफोन आला आणि २०१० मध्ये आयपॅड. तेव्हा मात्र कम्प्युटरवाल्यांच्या पोटात गोळा आला. लोक सोफ्यावर पाय पसरून काचेवर बोटं फिरवत मेल वाचतायत, सिनेमा बघतायत, पोरंटोरं न शिकवता गेम खेळतायत. मग आपलं हे माउस-कीबोर्डचं धूड विकत घेणार कोण? 'पीसी संपला' अशा हेडलाइन्स झळकू लागल्या. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच सगळ्यांनी केलं. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघून स्वतःच्या घरातल्या भिंती पाडायला घेतल्या.

स्टार्ट कुठे गेलं?

सगळ्यात जोरात हातोडा मारला तो मायक्रोसॉफ्टनं. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आलं. कम्प्युटर सुरू केला की समोर डेस्कटॉप नाही, तर रंगीबेरंगी चौकोनी टाइल्सची भिंत. दिसायला एकदम झक्कास! टाइलमध्ये हवामान बदलतंय, फोटो सरकतायत, मेलचा आकडा वाढतोय. टॅब्लेटवर बोटानं वापरलं तर खरंच मजा यायची.

पण बहुतेकांच्या टेबलावर टॅब्लेट नव्हताच. साधा मॉनिटर होता आणि माउस होता. त्या मंडळींनी सवयीनं खाली डावीकडे पाहिलं, तर स्टार्ट बटण गायब! ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आलेलं आणि सतरा वर्षं एकाच कोपऱ्यात इमानेइतबारे बसलेलं ते बटण कंपनीनं काढूनच टाकलं होतं. त्या कोपऱ्यात माउस नेला की एक छोटं चित्र उगवायचं, पण ते तिथे आहे हे तुम्हाला कुणीतरी सांगावं लागायचं.

आणि कम्प्युटर बंद कसा करायचा? हा तर त्या काळचा राष्ट्रीय प्रश्न म्हणायला हरकत नाही. माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, एक पट्टी सरकत बाहेर येईल, तिचं नाव 'चार्म्स'. तिच्यातल्या सेटिंग्जवर क्लिक करायचं, मग पॉवर, मग शट डाउन. टाइलवालं एखादं ॲप बंद करायचं तर वर फुलीच नाही. स्क्रीनच्या माथ्याला धरून ते खालपर्यंत ओढत न्यायचं, जणू दुकानाचं शटर खाली करतोय. हे सगळं बोटासाठी आखलेलं होतं. बोटानं कडेवरून आत ओढलं की पट्टी सुळकन येते. माउसनं मात्र कोपऱ्यात चाचपडत बसावं लागायचं.

बरं, जुना डेस्कटॉप गेला होता का? नाही! तो त्या टाइल्समधली एक टाइल होऊन आत राहत होता. त्यामुळे एका घरात दोन चुली. इंटरनेट एक्सप्लोरर दोन, एक टाइलवालं आणि एक डेस्कटॉपवालं. सेटिंग्जही दोन ठिकाणी, काही नव्या पीसी सेटिंग्जमध्ये, काही जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये. एका क्लिकसरशी तुम्ही या जगातून त्या जगात फेकले जायचे. आणि कहर म्हणजे, १९९० पासून विंडोजबरोबर फुकट येणारा सॉलिटेअर पत्त्यांचा डावसुद्धा आयता मिळेना, तो स्टोअरमधून उतरवून घ्यावा लागू लागला. लंच ब्रेकवर घाला म्हणतात तो हा!

दार दोनदाच वापरतो म्हणून...

मायक्रोसॉफ्टमधली माणसं काही खुळी नव्हती. त्यांच्याकडे आकडेवारी होती. लोक नेहमीचे प्रोग्राम खालच्या टास्कबारवर चिकटवून ठेवतात, तिथूनच उघडतात, स्टार्ट मेनूकडे पूर्वीइतके जात नाहीत, असं त्यांना त्यात दिसलं होतं. मग जे कमी वापरलं जातं ते काढून टाकलं तर बिघडलं कुठे?

इथेच गोची आहे. घराचं पुढचं दार आपण दिवसातून फार तर दोन-चार वेळा उघडतो. स्वयंपाकघरातलं फ्रिजचं दार वीस वेळा. म्हणून पुढचं दार काढून तिथे भिंत बांधायची का? स्टार्ट बटण हे तसं पुढचं दार होतं. काही सुचेनासं झालं, वाट चुकली की माणूस तिथे परत यायचा. त्याचं मोल क्लिकच्या संख्येत मोजता येत नव्हतं.

आपल्याकडे तर हे जास्तच खरं. २००० च्या दशकात गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे क्लास निघाले. बँकेतले काका, शाळेतल्या बाई, तहसील कचेरीतले भाऊसाहेब, सगळे चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा माउस हातात धरायला शिकले. आणि ते कम्प्युटर 'समजून' नाही, पाठ करून शिकले. वहीच्या शेवटच्या पानावर निळ्या पेनानं लिहिलेलं असायचं: 'स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग वर्ड.' ती वही म्हणजे त्यांचा आत्मविश्वास होता. ज्या मुलांना आपण बोट धरून चालायला शिकवलं, त्यांच्यासमोर दर वेळी हात पसरावे लागू नयेत म्हणून केलेली ती तजवीज होती.

अशा माणसाच्या कम्प्युटरमधून एका रात्रीत स्टार्ट काढून घेणं म्हणजे काय, याचा विचार करा. चूक त्यांची काहीच नाही. ते जे शिकले ते बरोबरच होतं. फक्त कुणीतरी दूर बसून ठरवलं की आता ते शिकलेलं जुनं झालं. घरातल्या तरण्या मुलाला दोन दिवसांत नवं कळतं. पण वहीचं पान फाडून टाकावं लागलं की बाबा म्हणतात, 'राहू दे रे, तूच करून दे.' हा 'तूच करून दे' फार महाग पडतो.

ऑफिसातही वेगळं काय घडतं? आपली सवय हे आपलं भांडवल असतं. डोळे शीटवर, डोकं डेडलाइनवर आणि हात आपोआप फाइल सेव्ह करतोय. हे 'आपोआप' मिळवायला वर्षं लागलेली असतात. बटणाची जागा बदलली की ते भांडवल एका झटक्यात शून्य!

पाच डॉलरचं बटण

लोक गप्प बसले नाहीत. जुनं स्टार्ट परत आणून देणारी सॉफ्टवेअर धडाधड निघाली. क्लासिक शेल फुकट होतं. स्टारडॉक कंपनीच्या स्टार्ट८ ची किंमत होती ४.९९ डॉलर. म्हणजे कंपनीनं फुकटात काढून टाकलेलं बटण परत मिळवायला लोक पाच डॉलर मोजायला तयार होते! ग्राहकाचा निषेध यापेक्षा स्पष्ट शब्दांत कसा नोंदवणार?

विंडोज ८ बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच त्याचे सर्वेसर्वा स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट सोडली. मग सुरू झाली माघार. ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की मेनू नाही, पुन्हा तीच टाइल्सची भिंत! (याला म्हणतात मागितला मेनू, मिळालं बटण.) एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये पॉवरचं बटण समोर आलं, टाइलवाल्या ॲप्सना फुली मिळाली आणि टचस्क्रीन नसलेले कम्प्युटर सरळ डेस्कटॉपवर उघडू लागले. शेवटी जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं, स्टार्ट मेनू आपल्या जागी परतला आणि जुन्या विंडोजवाल्यांना पहिलं वर्षभर ते फुकट देण्यात आलं. मधला ९ हा आकडा तर कंपनीनं गाळूनच टाकला.

ॲपलनं बोट कुठे ठेवलं?

आता तुम्ही म्हणाल, टचचे खरे बादशहा ॲपलवाले, त्यांनी काय केलं? त्यांनी स्क्रीनला हात लावला नाही, हातालाच खाली ठेवलं.

ऑक्टोबर २०१० मधल्या एका कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी स्वच्छ सांगितलं होतं की उभ्या स्क्रीनला सतत स्पर्श करणं माणसाला जमत नाही. सुरुवातीला छान वाटतं, पण थोड्या वेळानं हात भरून येतो. कम्प्युटरवाल्यांनी या दुखण्याचं फार पूर्वीच बारसं केलंय: गोरिला आर्म! खरं वाटत नसेल तर आत्ता करून बघा. हात खांद्याच्या उंचीला समोर धरा आणि पाच मिनिटं हवेत मेल स्क्रोल करा. नंतर खांद्याला बाम कुणी लावायचा ते आधी ठरवा.

म्हणून ॲपलनं स्पर्श ठेवला टचपॅडवर, जिथे मनगट टेकलेलं असतं. जुलै २०११ मध्ये मॅकसाठी 'लायन' आलं आणि आयपॅडचे बरेच गुण घेऊन आलं. फोनसारखी सगळी ॲप्स मांडून दाखवणारा लॉंचपॅड, पूर्ण स्क्रीन व्यापणारी ॲप्स, आणि उलटं स्क्रोलिंग. ॲपल त्याला 'नॅचरल' म्हणतं. बोटं वर नेली की कागद वर जातो, जसा फोनवर जातो. पहिले दोन दिवस लोक वैतागले, शिव्या घातल्या. पण एक गोष्ट ॲपलनं शहाणपणाची केली. ज्याला नको त्यानं सेटिंगमधली एक टिचकी काढावी आणि जुन्या पद्धतीनं सुखानं नांदावं. सगळा फरक इथे आहे, मंडळी! नवं देताना जुन्याची किल्ली काढून घ्यायची नाही.

अर्थात ॲपलही धुतल्या तांदळासारखं नाही. २०१६ मध्ये त्यांनी मॅकबुक प्रोवरच्या एफ-वन, एफ-टूच्या बटणांची रांग काढून तिथे टच बार बसवला. काचेची पट्टी, प्रत्येक ॲपनुसार बदलणारी चित्रं, एकदम सायन्स फिक्शन! पण बोटाला खालची बटणं जाणवेनात. न बघता एस्केप दाबणाऱ्यांची पंचाईत झाली. २०१९ मध्ये १६ इंची मॉडेलवर एस्केप पुन्हा खरं बटण झालं, २०२१ च्या मोठ्या मॉडेल्सवरून पट्टीच गेली आणि २०२३ मध्ये शेवटचं टच बारवालं मॉडेलही बंद झालं. लॉंचपॅडचीही तीच गत. २०२५ च्या मॅकओएस 'टाहो'मध्ये तो निवृत्त झाला.

लिनक्सच्या वाड्यातही हेच रामायण. २०११ मध्ये ग्नोम ३ आणि उबुंटूचं युनिटी अशी दोन नवी रूपं आली, टॅब्लेटची हवा खाऊन आलेली. खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स ग्नोम ३ वर इतके उखडले की ते काही काळ साध्यासुध्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर राहायला गेले. उबुंटूचं स्वप्न तर याहून मोठं. एकच फोन, जो मॉनिटरला जोडला की कम्प्युटर होईल! त्यासाठी २०१३ मध्ये लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. जमले सव्वा कोटीहून थोडे जास्त. फोन निघाला नाही. एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूचे मार्क शटलवर्थ यांनी युनिटी गुंडाळून पुन्हा ग्नोमकडे जात असल्याचं जाहीर केलं.

बोट आणि बाण

एवढ्या हुशार लोकांना हे जमलं का नाही? कारण साधं आहे. बोट आणि माउसचा बाण ही दोन वेगळी जनावरं आहेत.

बाणाचं टोक एका ठिपक्याएवढं. एक्सेलमधल्या दोन कॉलमांमधल्या केसाएवढ्या रेघेवरही ते बरोब्बर बसतं. बोटाचं टोक मात्र जाडजूड, आणि शिवाय ज्याला दाबायचं त्यालाच ते झाकून टाकतं. म्हणून बोटासाठीचं बटण साधारण नखाएवढं तरी असावंच लागतं. मग डेस्कटॉप बोटासाठी आखला की बटणं फुगतात, मधल्या जागा वाढतात, आणि ज्या स्क्रीनवर तुम्हाला शीटच्या भरपूर ओळी एका नजरेत दिसत होत्या, तिथे कमी दिसू लागतात. दिसायला मोकळं, करायला त्रासाचं!

दुसरं, बाण नुसता वर 'घोटाळू' शकतो. आयकॉनवर बाण ठेवला की खाली नाव उगवतं, मेनू उलगडतो. बोटाला हा मधला मुक्काम नाही. एक तर ते लागलंय, नाही तर नाही. राइट क्लिकचीही तीच कथा. बोटाला त्यासाठी दाबून धरून थांबावं लागतं.

तिसरं, अंतर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका ते गाठायला वेळ जास्त. माउस मनगटाच्या इंचभर हालचालीत बाणाला अख्खी स्क्रीन ओलांडून नेतो. बोटाला मात्र ते सगळं अंतर स्वतः जावं लागतं, पाठीमागे पूर्ण हात घेऊन. दिवसातून एकदा ठीक, पण हजारदा?

मग टच वाईट का?

छे, अजिबात नाही! मुंबईच्या लोकल स्टेशनवरचं एटीव्हीएम मशीन आठवा. समोर चार मोठी बटणं, स्टेशन निवडा, सिंगल की रिटर्न, तिकीट हातात. तिथे माउस ठेवला असता तर रांग पार पुलापर्यंत गेली असती. हॉटेलच्या बिलिंग काउंटरवर, म्युझियममधल्या माहितीच्या खोक्यावर, विमानतळावर टचला तोड नाही. कारण तिथे माणूस उभा असतो, पर्याय मोजके असतात आणि काम अर्ध्या मिनिटाचं असतं. एटीव्हीएमवर कुणी बॅलन्सशीट बनवत नाही!

लॅपटॉपवरही टचची जागा आहे. पीडीएफवर सही करायची, क्लायंटसमोर नकाशा झूम करायचा, चित्र काढायचं, विमानाच्या सीटवर स्क्रीन उलटी करून सिनेमा बघायचा. पाहुणी म्हणून ती छान आहे. फक्त तिला घराची मालकीण करायला गेलात की भांडणं सुरू.

हा धडा कंपन्यांनी गिरवलाय असं दिसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये हलत्या टाइल्स नाहीत आणि वेगळा टॅब्लेट मोडही नाही. कीबोर्ड काढून ठेवला की टास्कबारवरचे आयकॉन गुपचूप थोडे दूर सरकतात, बस! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेकांची घरी-ऑफिसात ११ वर बदली झाली. त्यांना स्टार्ट बटण मधोमध सरकलेलं पाहून पुन्हा एक छोटा झटका बसला, पण या वेळी ते डावीकडे परत नेता येतं. सुधारणा म्हणतात ती हीच.

आणि गंमत बघा. इकडे डेस्कटॉप टॅब्लेट व्हायचा नाद सोडत होता, तेव्हा तिकडे आयपॅडला कम्प्युटर व्हायची स्वप्नं पडू लागली. २०२० मध्ये आयपॅडला माउस आणि टचपॅडचा बाण नीट मिळाला. सप्टेंबर २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये हव्या त्या आकाराच्या खिडक्या, वर मेनू आणि बंद करायची बटणंसुद्धा आली. ज्याच्या धाकानं पीसीवाल्यांनी स्वतःच्या भिंती पाडल्या, तोच आता पीसीच्या भिंती बांधतोय. काय म्हणावं!

लगेच करून पाहा

बोटांची हौस भागवायची असेल तर स्क्रीन नको, टचपॅड वापरा. आपल्यापैकी बरेचजण अजून त्यावर एकच बोट फिरवतात!

• विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तीन बोटं वर सरकवा, उघडलेल्या सगळ्या खिडक्या मांडून दिसतील. तीन बोटं खाली, डेस्कटॉप समोर. बॉस मागून येत असेल तर ही दुसरी जास्त कामाची.

• तीन बोटं आडवी फिरवली की एका ॲपमधून दुसऱ्यात. मॅकवर त्याच हालचालीनं पूर्ण स्क्रीनच्या ॲप्समध्ये ये-जा करता येते.

• स्क्रोलिंग उलटं वाटतंय? विंडोजमध्ये टचपॅडच्या सेटिंगमध्ये आणि मॅकमध्ये ट्रॅकपॅडच्या सेटिंगमध्ये दिशा बदलता येते. 'नॅचरल' काय ते तुमच्या हातानं ठरवायचं.

• विंडोज ११ मधलं स्टार्ट डावीकडे हवं? सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार. तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा.

• आणि हे शेवटचं काम रविवारी घरी करा. आई-बाबांच्या कम्प्युटरवर त्यांना लागणारे चार प्रोग्राम टास्कबारवर चिकटवून द्या, स्टार्ट डावीकडे न्या, अक्षरं मोठी करा. मग त्यांना नवी वही आणि निळं पेन द्या. पहिलं पान तुम्ही लिहू नका, त्यांनाच लिहू द्या.

परवा मैत्रिणीला हे सगळं ऐकवलं. गोरिला आर्म, फिट्सचा नियम, पाच डॉलरचं बटण, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, रुमालानं मॉनिटरवरची चटणी पुसली आणि माउस हातात घेतला.

'म्हणजे इतक्या वर्षांत एवढे अब्जाधीश मिळून जे शिकले,' ती म्हणाली, 'ते माझी आई रोज सांगते. टीव्हीला हात लावू नकोस, रिमोट कशाला दिलाय?'